पार्सलबाईंची गाठ

सासूबाईंनी उभी हयात एका गोदामाच्या पॅकिंग खात्यात काढली होती. आरसे, कपाटं, काचसामान, येईल ते बांधायचं. त्यांनी मारलेली गाठ वाटेत कधी सुटली नाही, म्हणून सगळे त्यांना पार्सलबाई म्हणत आणि निवृत्तीनंतरही त्या हे नाव मिरवीत. बाकी जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींची त्यांना भीती. लिफ्टची, गॅसची, कुत्र्यांची आणि सगळ्यांत जास्त पाण्याची. ताक फुंकून पिणारे लोक असतात. या ताक प्यायच्याच नाहीत.

अशा घरात सुनेने होडी आणली. तीही लाकडाची नाही, हवेची.

"कयाक म्हणतात हिला, आई."

"मी फुगा म्हणेन. दिसतं ते म्हणावं माणसाने."

जायच्या आदल्या संध्याकाळी सुनेने सोफा भिंतीला सरकवला आणि बैठकीच्या खोलीतच कयाक फुगवून पाहिली. दोन्ही बाजूंच्या जाड नळ्या, खालचा तळ आणि दोन आसनांच्या मध्ये आडवी ठासून बसणारी एक उशी, प्रत्येकाची हवा वेगळी. एक फुटलं तरी बाकीचं तरंगतं, असं तिने समजावलं. सासूबाईंनी एकेका झडपेला कान लावला. फुस्स ऐकू आलं नाही, पण तेवढ्यावर विश्वास ठेवायला त्या काही कालच्या नव्हत्या. सून पंप आवरत असताना त्यांना सामानाच्या पिशवीत एक बुटकी सुरी दिसली. फुग्यात सुरी ठेवणारी माणसं कोणत्या शाळेत शिकतात, असं मनाशी म्हणत त्यांनी ती गुपचूप उचलली आणि स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात तळाशी दडवली.

सकाळी सुनेच्या मैत्रिणीचा फोन आला, मुलाला ताप भरलाय, येत नाही. एकटीने पाण्यात उतरायचं नाही हा सुनेचा नियम होता. ती भरलेल्या पिशव्या परत आत नेऊ लागली. नवरा परगावी नोकरीला, घरात या दोघीच. महिनाभर ती या एका दिवसाची वाट पाहत होती. सासूबाईंना ते पडलेलं तोंड बघवलं नाही.

"मी येते," त्या म्हणाल्या आणि त्याच क्षणी पस्तावल्या.

तळ्याकाठी झाडांच्या आडोशाला पाणी अगदी निवांत होतं. सुनेने कयाक फुगवली, मागे तळाशी, माशाला असतो तसा, दिशा धरणारा पर बसवला, सासूबाईंना जाकीट चढवून त्याचे पट्टे आवळले. मग ती गाडीला कुलूप लावायला गेली आणि सासूबाईंनी आपलं काम उरकलं. पर्समध्ये गोदामातली नायलॉनची दोरी होतीच. तिचं एक टोक त्यांनी जाकिटाखाली कमरेला बांधलं. मधल्या आडव्या उशीला दोन वेढे देऊन गाठ मारली. सून परत येऊन मागच्या आसनावर बसली, तेव्हा "तुझा पट्टा बघते गं" म्हणत दुसरं टोक तिच्या जाकिटाच्या मागच्या कडीला गाठ मारून बांधलं आणि उरलेली दोरी टॉवेलाखाली सारली. आता कुणी पडणार नव्हतं. त्यांना इतकं सुरक्षित वाटलं, की पुढच्या आसनावर बसल्यावर त्यांनी चक्क पाण्यात एक बोट बुडवून पाहिलं.

आडोसा संपला आणि वारा लागला. आधी नुसता पाठीवर जाणवला. मग झाडं लहान होत गेली, आणि सासूबाईंच्या लक्षात आलं की सून वल्हवत नसतानाही त्या पुढे चालल्या आहेत. समोर लांबवर दगडी बांध होता. त्याच्यावर पाणी आपटून पांढरं होत होतं. हवेची होडी वाऱ्यापुढे पाचोळ्यासारखी जाते, हे सुनेला ठाऊक होतं. एवढा वारा सुटेल हे हवामानाच्या अंदाजात नव्हतं.

"आई, मला कयाक वळवायला लागेल. वळताना लाटा बाजूने येतील," सून मागून म्हणाली. आवाज शांत होता, जरा जास्तच शांत. "उलटलीच तर घाबरायचं नाही. होडीपासून बाजूला व्हायचं, जाकीट आपोआप वर आणतं."

"मी कशी पडेन? मी बांधलंय."

"काय बांधलंय?"

सासूबाईंनी सांगितलं. मागे वल्हं थांबलं. होडी लगेच आडवी होऊ लागली, तशी सुनेने घाईने वल्हं पुन्हा पाण्यात खुपसलं.

"आई," ती म्हणाली, "उलटलो तर बांधलेला माणूस होडीखालीच राहतो. पिशवीत सुरी आहे. दोरी कापा. लवकर."

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. चमच्यांचा खण त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला.

"सुरी घरी आहे. मी काढून ठेवली."

सून नुसती वल्हवत राहिली. ती ओरडली असती तर सासूबाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी मागे वळून गाठीला हात घातला. नायलॉन भिजून आवळलं होतं. एक नख मोडलं, दुसरं मोडलं. दातांपर्यंत दोरी पोचेना. जन्मभर जिच्यावर मिरवलं ती गाठ त्यांच्यासमोर होती आणि ती सुटणार नव्हती. बांध आता इतका जवळ आला होता की पाण्याची थाप ऐकू येत होती.

"तू जाकीट काढ," त्या म्हणाल्या. "तू तरी सुटशील."

"जाकीट काढायचं नसतं. तुम्हाला टाकूनही जायचं नसतं." सुनेचा श्वास तुटत होता. "आई, उशीची हवा सोडा. ती सैल पडली की वेढे निघतील."

पाण्याच्या मधोमध हवा सोडायची. रात्रभर ज्या एका आवाजाच्या भीतीने त्यांचा डोळा लागला नव्हता, तो आता स्वतःच्या हाताने काढायचा. त्यांचा हात झडपेवर गेला आणि तिथेच थिजला.

"बाकीची हवा वेगळी आहे. काल दाखवलं होतं ना मी?"

दाखवलं होतं. सासूबाईंनी डोळे मिटले आणि झडप उघडली. फुस्स आवाज सुरू झाला. त्यांना वाटलं, आपलाच जीव त्या भोकातून चाललाय. त्या मोठ्याने रडत होत्या आणि रडतारडताच उशी दाबत होत्या. उशी मऊ पडली, कडेतून निसटली. त्यांनी वेढे ओढून काढले.

"निघाली," त्या म्हणाल्या.

सुनेने त्याच क्षणी होडी वळवली. एक लाट बाजूने आत आली, दोघी एका कुशीवर कलल्या, सासूबाईंच्या मांडीवर थंड पाणी पसरलं. होडी उलटली नाही. कितीतरी वेळ सून वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत राहिली आणि सासूबाई हातांनी पाणी उपसत राहिल्या. बांधाच्या टोकाशी, गवताच्या एका कोपऱ्यात, होडी अखेर काठाला लागली.

होडीपासून सुटल्या तरी एकमेकींना त्या बांधलेल्याच होत्या. सुनेने जाकीट उतरवलं नाही, सासूबाईंनी उतरव म्हटलं नाही. तशाच त्यांनी कयाकची हवा काढली, पुसली, गुंडाळली, काठाकाठाने चालत गाडीपर्यंत नेली आणि मधे दोरी लोंबत असताना गाडीत बसून घरी आल्या.

स्वयंपाकघरात सासूबाईंनी खण उघडला. सुरी सुनेपुढे धरली.

"मला का बांधलंत?" सुनेने विचारलं.

"तू बुडालीस तर मी एकटी वर येऊन काय करू?"

सुनेने सुरी घेतली, पण पातं तिला दोरीवर टेकवताच येईना. ती खाली फरशीवर बसली. "मला वाटलं होतं आपण मरणार," ती म्हणाली. "तुमच्या आधीपासून वाटत होतं."

या पोरीला कशाचीच भीती वाटत नाही, असं सासूबाई इतके दिवस धरून चालल्या होत्या. त्या तिच्याशेजारी टेकल्या. सुरी हातात घेऊन त्यांनी आधी सुनेच्या बाजूची दोरी कापली, मग स्वतःची. पार्सलबाईंची गाठ एका झटक्यात फरशीवर पडली.

सुरी धुऊन, कोरडी पुसून त्यांनी ती सुनेच्या जाकिटाच्या खिशात घातली आणि खिशाची चेन नीट लागलीय का, ते दोनदा ओढून पाहिलं.