पानाच्या जागी कोरं पान

पेनांच्या डब्यात ती वाकडी, षटकोनी तोंडाची, पाळण्याचे स्क्रू फिरवायची किल्ली — बाळ पोटातच गेलं, नवा पाळणा सुटा करून माळ्यावर टाकला, तेव्हापासून तिथेच पडून. पेन शोधताना रोज बोटांना लागते, तरी तिने उचललेली नाही... कानातल्या हेडफोनमध्ये मास्तर बोलत होते. ऑफिसात साहेबांना सगळे मास्तरच म्हणतात.

कोड तिचा होता. प्रोग्रामने मेमरीतलं एखादं पान, म्हणजे माहितीचा तुकडा, मागितलं आणि ते हाताशी नसलं, की कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, त्याला क्षणभर थांबवतो, पान आणून देतो, जाऊ देतो पुढे. पण पान जिथे होतं ती मेमरीच नासली असेल तर? तर त्याला तसं सांगायचं, असं तिने लिहिलं होतं. आणि सांगितलं की बहुतेक प्रोग्राम तिथेच कोसळतात. मास्तरांचं म्हणणं, लोक तक्रारी करतात, त्यापेक्षा कोरं पान ठेवा हातात, चालू दे बिचाऱ्याला.

“तू काय त्याची आई आहेस का?” ते हसले.

“कोरं दिलं तर त्याला वाटेल, इथे कधी काही नव्हतंच,” ती म्हणाली — आणि पुढचं बोलणंच विसरली.

नव्हतंच. लेकीने विचारलं होतं, बाळ कधी येणार... आणि मी, तिच्या केसांतला गुंता सोडवत, म्हटलं, रिबीन कुठली लावू? दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही असंच काहीतरी. मग तिने विचारणंच सोडलं, आणि मला केवढं हायसं वाटलं — चार वर्षांचं पोर, विसरली, सुटलो...

मास्तर उद्या बघू म्हणाले. तिने हेडफोन काढला. बाहेरच्या खोलीत लेक टेबलाखाली प्लास्टिकचे प्राणी झोपवत बसली होती. तीही मान वाकवून टेबलाखाली शिरली.

“ढब्बू, तुला आपल्या बाळाचं सांगायचंय.”

लेकीने आधी दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, “बाबा म्हणाला, आईसमोर बाळाचं काढायचं नाही. तू रडतेस.”

आणि हत्तीवर रुमाल नीट ओढला.

लेकीला झेपणार नाही म्हणून आपण गप्प, असंच आजवर वाटत होतं... आणि ही, एवढीशी, केव्हापासून एकटीच आपल्याला जपत... सांगायचं ते ओठांवर होतं. पण आता कोणी कोणाला सांगायचं, आणि किती जणांनी किती दिवस काय गिळलं — तिला कशाचाच हिशेब लागेना.