आहे तेवढी नजर

माझा भाऊ स्वरूप लहानपणापासून डोळे चोळायचा. होडीवरून आला की चोळायचा, अभ्यासाला बसला की चोळायचा. आई म्हणायची, खारं वारं लागतं. मी म्हणायचे, अभ्यास टाळायची नाटकं. पण अकरावीत त्याच्या चष्म्याचा नंबर सारखा बदलायला लागला, तेव्हा आम्हा तारकर्लीकरांची सगळी हुशारी संपली. मी त्याला कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाबाही आले.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होत होत टोकदार होतोय, याला केराटोकोनस म्हणतात. वरचा पापुद्रा खरवडून, औषधाचे थेंब घालून त्यावर किरण सोडायचे, म्हणजे पडदा घट्ट होतो. "पण लक्षात घ्या," बाई म्हणाल्या, "या क्रॉस-लिंकिंगने नजर सुधारत नाही. आहे तेवढी राहते, पुढची घसरण थांबते. आणि करायचं तर लवकर. पडदा फार पातळ झाला की हे करता येत नाही."

मला कळलं. बाबांना कळलं नाही. माझे बाबा, काशीराम तांडेल, होडीचे म्होरके. किनाऱ्यावरच्या कुठल्या माडाच्या रेषेत कुठलं देऊळ आलं की जाळं टाकायचं, हे नजरेनेच ठरवणारा माणूस. आपल्यामागे स्वरूपने होडी धरायची, एवढंच त्यांच्या डोक्यात. परतीच्या बसमध्ये ते घोकत राहिले, "डोळो खरवडतले, आणि दिसाचा तितक्याच? मगे कित्याक?"

"जाता ता थांबवूक," मी म्हटलं.

"आता खंय जाता? होडी तर बरी वळवता."

आमच्याकडे होडी बांधायची असो, सोयरीक करायची असो, ग्रामदेवतेचा कौल घेतल्याशिवाय काही होत नाही. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो. उजवीकडची पडली तर करायचं, डावीकडची पडली तर नाही. मी त्यातच वाढले आणि देवावर माझा राग नाही, आजही नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे.

बाबा आम्हा सगळ्यांना घेऊन देवळात गेले. आमचा गुरव म्हणजे भाई. त्याने विचारलं, "काशीराम, काय इचारू?"

बाबा हात जोडून म्हणाले, "ह्यो इलाज केल्यार माझ्या झिलाक बरा दिसतला काय, ता इचार."

भाईने गाऱ्हाणं घातलं, सगळे "होय म्हाराजा" म्हणाले, आणि डावीकडची पाकळी पडली. एरवी देव तासभर ताटकळत ठेवतो. त्या दिवशी त्याला जरासुद्धा विचार करावा लागला नाही.

बाबांच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलं. माझं डोकं फिरलं. मी तिथेच बोलले, "डॉक्टरनीन पण ह्याच सांगल्यान! बरा दिसाचा नाय, पण जाता ता थांबतला. थांबतला काय, ता इचारा!"

"चेडवा," भाई म्हणाला, "एकदा कौल दिलो काय त्याच कामाक परत इचारूचा नसता."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की आईने माझा हात धरला. स्वरूप खांबापाशी उभा होता. त्याने मोठा श्वास सोडला. डोळा खरवडणार म्हटल्यावर कोणाची घाबरगुंडी उडणार नाही?

मी घरात भांडभांड भांडले. भांडी आपटली, अबोला धरला, डॉक्टरबाईंना फोन लावून बाबांच्या कानाला लावला. त्यांनी तो न ऐकताच परत दिला. स्वरूप अठराच्या आतला, बाबांच्या होकाराशिवाय काही व्हायचं नव्हतं. शिमगा गेला, होड्या वर ओढल्या, नारळीपौर्णिमेला परत पाण्यात गेल्या. मग एका सकाळी स्वरूप उजवा डोळा गच्च धरून अंगणात आला. डोळा मधोमध पांढरा झाला होता.

पडदा आतून फाटून त्यात पाणी शिरलं होतं. कोल्हापूरच्या बाई म्हणाल्या, "इथे व्रण राहणार. पुढे कधीतरी पडदा बदलावा लागेल. डाव्याला मात्र अजून करता येईल."

"करा," बाबा म्हणाले. त्या वेळी त्यांनी कोणालाही विचारलं नाही.

डाव्या डोळ्याचं झालं. स्वरूपला पट्टी बांधून दाराबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. एक डोळा पांढरा, दुसऱ्यावर पट्टी. आत बाबांनी, ऑफिसात बोलतात तसं जपून, विचारलं, "मॅडम, तेव्हाच केलं असतं तर उजवा…?"

बाईंनी जुने रिपोर्ट काढून बघितले. "बहुतेक राहिला असता," त्या म्हणाल्या. "होता तेवढा."

बाबा उठले, परत बसले. "मी देवाक इचारललंय," ते बाईंना म्हणाले. बाईंना काही समजलं नसावं. त्यांनी नुसती मान हलवली. इतके दिवस सांभाळून ठेवलेला राग होता, त्या क्षणी तो बाहेर काढायला माझ्याकडे माणूसच उरला नाही.

दार उघडंच होतं. बाक हाताच्या अंतरावर.

"काय म्हणाली बाई?" आम्ही बाहेर आल्यावर स्वरूपने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बाबाच त्याच्याशेजारी बसत बोलले. "म्हणाली, उजवो तेवाच गेललो. केला असता तरी उरलो नसतो."

स्वरूपने आधी उघड्या दाराकडे, मग आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. चाचपडत त्याने बाबांचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"मगे बरा झाला, बाबा," तो म्हणाला. "देव खोटा बोलूक नाय. व्हय मा गो, ताय?"

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला. मी जन्मभर कोणाचं ऐकून घेतलं नाही, खोटं तर नाहीच नाही.

"व्हय," मी म्हटलं.