आळीभरचं दही

विरारजवळच्या आमच्या वटार गावात कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की हातावर दही-साखर ठेवतात. एका घरचं घेतलं आणि दुसऱ्याचं नाकारलं, तर ते घर वर्षानुवर्षं तुमच्याशी बोलणार नाही. त्यातून मी आत्माराम, आळीत मान असलेला माणूस. तळहातावरच्या थेंबाने माझं काय होणार? मी घरोघरी वाटीच मागून घेतली. माझी बायको यमुना मात्र नुसतं बोट लावून पुढे सरकत होती.

"अवो, पुरे आता. पोटाला पन विचारा," ती म्हणाली.

"तू गप बस. आळीचा आनंद आहे हा," मी म्हटलं.

आनंद होताच तसा. आमच्या क्षितिजाला मँचेस्टरला पीएचडी मिळणार होती, दुसऱ्या दिवशी सकाळी समारंभ. आमच्या घराण्यात पदवीचा झगा कुणाच्या अंगावर चढला नव्हता. त्या झग्यात लेकीला बघायचं, एवढ्यासाठी आम्ही दोघं जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो.

दोह्याला विमान बदलायचं होतं. उतरलो तोवर माझ्या छातीत जळजळ, पोटात मुरडा, कपाळावर घाम. रांगेत उभं राहवेना, म्हणून मी तिथंच जमिनीवर बसकण मारली. माणसं धावत आली आणि मला चाकाच्या खुर्चीत घालून विमानतळावरच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर इंग्रजीत विचारायचे आणि केरळची एक नर्स ते हिंदीत सांगायची. "क्या खाया?" मी म्हटलं, "कुछ नहीं." परक्या मुलखात जाऊन हावरटपणा कबूल करायचा म्हणजे काय! पण तेच अंगाशी आलं. काही खाल्लं नाही आणि छाती जळतेय, म्हणजे हृदयाचंच काहीतरी, असा डॉक्टरांना संशय आला. ईसीजी चांगला आला, तरी ते म्हणाले, रात्रभर इस्पितळात ठेवू. आजचं विमान विसरा.

विमान गेलं म्हणजे समारंभ गेला. गावच्या सभेत माइक न सोडणारा मी, त्या खाटेवर दातखीळ बसल्यासारखा पडून राहिलो.

तेव्हा यमुना उठली. बँकेत, तलाठ्याकडे, मुलीच्या शाळेत, कुठंही गेलं तरी मला पुढे करून मागे उभी राहणारी ही बाई. ती डॉक्टरांसमोर जाऊन विरारच्या बाजारातल्या हिंदीत म्हणाली, "साब, ये आदमी झूट बोलता है. दही खाया. पूरे गली का दही खाया."

तिने तळहात चाटून दाखवला, मग दोन्ही हातांची भलीमोठी वाटी केली आणि माझ्याकडे बोट केलं. नर्सला हसू आवरेना. डॉक्टरांनी माझं पोट दाबलं, तसा मी ओरडलो.

"दवाई दो, फिर देखो," यमुना म्हणाली. "अच्छा हुआ तो जाएगा. नहीं हुआ तो मैं खुद लड़की को बोलती, हम नहीं आता."

हे शेवटचं वाक्य बोलतानाही ती मागे हटली नाही. लेकीला झग्यात बघायचं स्वप्न तिनेही मनात जपलं होतं, हे मला ठाऊक होतं.

औषध पोटात गेलं, उलटी झाली, आळीचा सगळा मान बाहेर पडला. यमुना चमच्या-चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिली. पुन्हा काढलेला ईसीजीही ठीक निघाला. डॉक्टरांनी प्रवासाची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी उंच धरून माझी बायको गर्दीतून वाट काढत चालली, मागून मी खुर्चीत. मला स्वतःची लाज वाटत होती. पण त्याहून मोठा अभिमान वाटत होता, तो तिचा. एवढी वर्षं हिला बोलायला जागाच दिली नाही मी!

मँचेस्टरला क्षितिजा धावत आली. "बाबा, आई पहिल्यांदाच एवढ्या लांब आली. नीट सांभाळून आणलंत ना तिला?"

मी तोंड उघडायच्या आत यमुना म्हणाली, "त्यांनीच तर आनलं गो मला. काय एक त्रास नाय झाला."

"क्षितिजा, तुझी आई खोटं बोलतेय," मी म्हटलं. "मी हिला नाही आणलं. हिने मला आणलंय."

हे मी इतक्या मोठ्याने बोललो की आजूबाजूचे गोरेही वळून बघायला लागले. बघू देत.