चितेत न जळलेले कडे

मी एक जुने लोखंडी कडे आहे. मेहरसिंगाची थोरली बहीण लग्न होऊन नांदेडला गेली, ते बहात्तरच्या दुष्काळाचे वर्ष. त्याच वर्षी शहराच्या लष्करी छावणीतल्या लोहाराने मला ठोकून ठोकून गोल केले आणि पंधरा वर्षांच्या मेहरसिंगाच्या उजव्या मनगटात मी शिरले.

मित्रांनो, त्या मनगटावर मी एकेचाळीस वर्षे काढली. आधी तो ट्रक चालवायचा. शहर बिडकीनच्या अंगाने पसरत गेले, विहिरी आटल्या, तेव्हा तो पाण्याचा टँकर चालवू लागला. "सरदारजी आले, आता चूल पेटंल," असे बाया म्हणत. ते ऐकून मलाही बरे वाटे.

२०१३ च्या मे महिन्यात एका वस्तीवर सांडू मेंढपाळाने रांग मोडून टँकरचा पाइप धरला.

"लाइनीत ये, सांडू. तुझी मेंढरं काय आमदार हायत?" मेहरसिंग हसत म्हणाला.

"तीन दिसांची तहानलीत. सोड, सरदार."

ओढाताणीत पाइपाचा झटका बसून मेहरसिंगाची पगडी चिखलात पडली. कोणीतरी हसले. मेहरसिंगाची मूठ आवळली. मी सांडूच्या कानशिलावर आदळले. पुन्हा आदळले. तिसऱ्यांदा हाड पिचल्याचे मला कळले. सांडूने तसेच फावडे उचलून मेहरसिंगाच्या मानेवर घातले. तो टँकरच्या चाकाशी कोसळला आणि तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी त्याच टँकरमधल्या उरलेल्या पाण्याने त्याला आंघोळ घातली. केस धुऊन कंगवा खोवला, पगडी बांधली, किरपाण लावली. त्याचा मुलगा जोगिंदर मला ओढू लागला.

"हे मला दे. सांडूचं डोकं ह्यानंच फोडतो."

"अंगावरचं काढायचं नसतं," त्याची आई बसंतकौर म्हणाली. "आणि आवाज खाली. अरदासची प्रार्थना चाललीय."

चितेत मेहरसिंगाचे मनगट माझ्यातून गळून गेले. मी तेवढे लाल होऊन राहिले.

तिसऱ्या दिवशी अस्थी वेचताना जोगिंदरने मला राखेतून उचलून हातात चढवले. सांडूला दवाखान्यातून घरी आणले, एवढेच त्याने ऐकले होते. तो वस्तीवर गेला. दारात सांडूची बायको बानाबाई बसली होती.

"सांडूला बाहेर काढ."

"काढला की सकाळीच. जाळून आले समदे." ती त्याच्या मनगटाकडे बघत राहिली. "कानशिलावर गोल वण उठला व्हता. ह्येच व्हय त्ये कडं?"

बाप पाणी वाटताना मारला गेला, एवढेच जोगिंदरला माहीत होते. त्याने मला हिसडून काढले. बोटांची कातडी सोलली. पुढे नदीला पाणी आल्यावर बसंतकौरने राखेबरोबर मला पैठणला गोदावरीत सोडले.

मित्रांनो, आपल्या माणसाला शेवटची आंघोळ घालाल, तेव्हा त्याचे हातही निरखून बघा. त्या हातांनी काय केले, ते मुलांना खरे सांगा. मला धुताना माझ्यावरचे रक्त कोणाचे, हे कोणीच विचारले नाही.

मेहरसिंग ११ मे २०१३ रोजी फावड्याच्या घावाने गेला. सांडू १३ मे रोजी पहाटे गेला, माझ्या माराने.