मिठाच्या बर्फात ठेवलेली बाटली

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. फणसाच्या फळ्या, आतून पत्रा, मधे लाकडाचा भुसा. ठाण्याच्या खाडीकाठच्या सुताराने १९८१ साली मला केलं, आणि मित्रांनो, माझ्यासारखी पेटी त्याला पुन्हा जमली नाही. शाळा मी पाहिली नाही. पण कुठला मासा किती दिवसांचा, हे मला पोटात पडताच कळतं.

माझी मालकीण आवडाबाई कल्याणच्या बाजारात बसे. बर्फाच्या चुऱ्यावर मिठागरातलं खडेमीठ टाकायची तिची रीत. मीठ पडलं की थंडी हाडात उतरते. चौथ्या दिवशी पापलेट काढून ती गिऱ्हाइकाला म्हणे, “डोळा बघ. तुझ्यापेक्षा जागा हाय.” मी फुगून जाई.

घरात तिची सून मंजुळा. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. तीन-तीन महिने पाळी येत नसे, मानेवर काळा पट्टा उमटलेला.

“मान घास गो. मळ गेला तर पोर होईल,” आवडाबाई म्हणायची.

मंजुळा काथ्याने मान घाशी. रक्त आलं, काळेपणा गेला नाही. शेवटी ती दवाखान्यात गेली आणि परत येऊन माझ्या झाकणावर बसली.

“आई, तो मळ नाय. इन्सुलिन शरीराला सांगतं, साखर आत घ्या. पेशीतली प्रथिनं तो निरोप हातोहात आत नेतात. माझ्यात तो वाटेतच अडतो. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. गिऱ्हाईक ऐकत नाय म्हणून आपण जास्त ओरडतो ना, तसं. त्या ओरडण्यानं बीजकोश बिथरलेत. साखर पण वाढलेय.”

“म्हणजे तुझं अंगच बहिरं,” आवडाबाई म्हणाली. पण मानेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

वर्षभर मंजुळा रोज खाडीपर्यंत चालली, भात कमी केला, गोळ्या घेतल्या. पाळी सुधारली आणि १९९२ मध्ये तिला दिवस गेले. आता गोळ्या बंद, रोज इन्सुलिनची सुई. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बाटली ओल्या मडक्यात गार ठेवा.

“मडक्यात? माझी पेटी काय मेलेय?” आवडाबाईने बाटली मिठाच्या बर्फात पार तळाशी पुरली. मला अभिमान वाटला. जळो तो अभिमान.

सकाळी मंजुळाने बाटली उजेडात धरली. “आई, हे गोठलंय.”

“वितळेल. पापलेट वितळलं की खातेस ना?”

गोठलेलं इन्सुलिन वितळतं खरं, पण त्याची ताकद मरून जाते. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. प्रत्येक नवी बाटली माझ्याच तळाशी आली. मंजुळाची तहान वाढली, दुपारपर्यंत हंडा संपू लागला. लघवीतल्या साखरेने मोरीत मुंग्यांची रांग लागली. आठव्या महिन्यात एके दुपारी ती माझ्या झाकणावर बसली, पोटावर हात ठेवून. बराच वेळ वाट बघत होती. पोटात काही हललं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटली हलवली, तर काचेला पांढऱ्या कण्या चिकटलेल्या. कुणी गोठवली, असं त्यांनी विचारलं. “मी,” आवडाबाई म्हणाली. मंजुळाच्या नवऱ्याने, कान्हाने, हे शेजारणीला सांगितलं तेव्हा मी ऐकलं.

मंजुळा रिकाम्या हातांनी घरी आली. पाळण्याचा दोर आवडाबाईने माझ्यात टाकला. त्यानंतर माझ्यात बर्फ पडला नाही.

दोन वर्षांनी सगुणा झाली. त्या खेपेला बाटली मडक्यातच होती, आणि मडक्यावरचं फडकं आवडाबाई स्वतः ओलं करी.

मित्रांनो, आपल्याला जे येतं तेच करणं म्हणजे जपणं नव्हे. ज्याला जपायचं त्याला काय सोसतं, ते आधी विचारा. आणि कुणी “हे गोठलंय” म्हणालं, तर ऐका.

परवा चार वर्षांची सगुणा लपाछपी खेळताना माझ्यात शिरली. आवडाबाई हातातली कोयती टाकून धावली.

“बाहेर ये गो बाय. पेटीचा दोष नाय, माझा हाय. पण तू बाहेर ये.”

मग तिने माझं झाकण लावलं आणि पोरगी दूर जाईपर्यंत त्यावर बसून राहिली.