दाढेचं प्यादं

पांढरं.

बाबांनी घोडा उचलला, परत होता तिथे ठेवला आणि उंट खेळले. आमच्या घरात हे चालत नाही. हात लावला की खेळायचं, हा त्यांचाच कायदा. त्या कायद्यापायी लहानपणी मी कितीदा तरी वजीर गमावून रडत रडत जेवलेय.

काळं.

मी ते चालवून घेतलं. प्यादं सरकवलं.

बाजूला.

दादा खुर्ची उलटी करून, तिच्या पाठीवर हनुवटी टेकून बसलेला. त्याने ते पाहिलं होतं.

तो सकाळीच आला. वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झालीय आणि त्यांनी ती उद्यापर्यंत धरून ठेवलीय, हे सांगायला. मी फोनवर त्याला म्हटलं होतं, कुठे काय झालंय बाबांना, अजून रोज मला बुद्धिबळात हरवतात.

थाप होती. दादाने ती नीट घडी घालून सोबत आणली.

"मग माझ्यासमोर हरवू देत. हरवलं, तर आश्रमाचं नाव काढणार नाही. आईशप्पथ."

"आणि नाही हरवलं तर?"

"चिमे, गेल्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या वकिलाला जिन्यात थांबवून 'आ करा' म्हटलं."

"वकिलाने केला ना पण आ! कवळी बसत नव्हती त्याची. बरोबर ओळखलं बाबांनी."

दादा हसला. लगेच थांबला. "आणि गॅस? रात्रभर उघडा राहिला तो?"

मी सोंगट्या मांडायला घेतल्या.

म्हणजे मला हरायचं होतं. काम एवढंच. फक्त दादालाही खेळ कळतो, तेव्हा धडधडीत नाही, नीट हरायचं होतं.

पांढरं.

पटावरचं एक पांढरं प्यादं हरवलेलं. त्याच्या जागी दाढ आहे. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या घडवल्या. ही दाढ त्यांनीच केलेली, जरा मोठी, म्हणून कुणाच्याच तोंडात बसली नाही. ती त्यांनी अंगठ्याने चाचपली. कड बरोबर आहे ना, पाहिल्यासारखी. मग हत्ती वजिराच्या तिरक्या घरात आणून ठेवला.

काळं.

मी घोडा उडी मारून पुढे नेला. एकाच वेळी वजिरावर आणि हत्तीवर. दिसायला जबरदस्त चाल, पण नुसती दिसायलाच. ते घर त्यांच्या प्याद्याच्या तोंडात होतं. प्याद्याने घोडा मारायचा, विषय संपला. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं.

बाजूला.

"घाई केलीस," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात मला चक्क आशा ऐकू आली. त्यालाही हवं होतं तर.

पांढरं.

बाबांनी बराच वेळ पटाकडे पाहिलं. ओठ हलत होते. बोट त्या प्याद्यावर आलं. मारा, बाबा. बोट तिथे थांबलं, पुढे गेलं आणि दाढ एक घर सरकवून परत आलं.

काळं.

वजीर फुकट.

फुकटातला वजीर नको असणारी माणसं जगात किती असतील? मी उंटाकडे हात नेला.

"घोड्याने वजीर जातोय," दादा हळूच म्हणाला. "दिसत नाही का? की दिसतोय म्हणूनच?"

घोड्याने वजीर घेतला. तो माझ्या मुठीत बसला, कोमट, त्यांच्या हाताची ऊब अजून उरलेली. उभ्या जन्मात बाबांविरुद्ध डावाच्या मध्यावर मी अशी वरचढ कधी झाले नव्हते. डाव जिंकल्यातच जमा होता.

बाजूला.

"राहू दे आता," दादा म्हणाला.

"थांब. डाव संपलेला नाही."

आणि तेव्हा मला ते सुचलं.

बाबांचा एक रिवाज होता. डाव त्यांच्याकडे पुरता झुकला की पट उचलायचे आणि सगळ्या सोंगट्यांसकट गर्रकन फिरवायचे. "घे माझी बाजू. जिंकून दाखव." मी जिंकलेली बाजू घेऊनही हरायचे. दादाने तर एकदा पटच भिरकावला होता.

मी पट उचलला. एकही सोंगटी न पाडता फिरवला.

"बाबा, घ्या माझी बाजू. आता तुमचं काळं, माझं पांढरं. जिंकून दाखवा."

बाबांनी मान वर केली. हसले! डोळ्यांच्या कोपऱ्यातून, अगदी जुनं हसू. "लबाड," म्हणाले.

दादाची हनुवटी खुर्चीवरून उचलली गेली. "आठवतंय त्यांना," तो म्हणाला.

पांढरं. म्हणजे मी.

राजासमोरचं प्यादं हलवून वाट उघडी केली. काळ्या हत्तीने सरळ खाली यायचं, की मात. हत्ती बाबांच्या हाताशीच होता. एवढा सोपा घास मी कुणाला भरवला नव्हता.

काळं. म्हणजे बाबा.

बाबांचा हात उठला. काळ्या हत्तीवर आला.

हत्तीवरून पुढे गेला. काळ्या सोंगट्या ओलांडून, सगळा पट ओलांडून, बाही घोड्याला घासत, माझ्यापाशी. त्यांनी दाढ चिमटीत धरली आणि स्वतःच्याच दिशेने एक घर पुढे घेतली. मग समाधानाने मागे टेकले.

"तुझी चाल," म्हणाले.

बाजूला.

खुर्ची सरकली. दादाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला. मग फोन घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. दार लोटलं, पण ते दार कधीच नीट लागत नाही.

"हो. उद्या सकाळी. नाही, चालतात स्वतः. खातात. हो, दात सगळे स्वतःचेच आहेत."

"चिमे," बाबा म्हणाले, "झोपलीस का? तुझी चाल."

मी हात लांब केला. पांढऱ्यांवरून पलीकडे, त्यांच्या पोटाशी उभ्या असलेल्या काळ्या घोड्यापर्यंत. त्याच वेळी त्यांचा हात दाढेकडे येत होता. पटाच्या मधोमध आमचे हात एकमेकांत अडकले. बाबांनी माझा हात शांतपणे बाजूला केला, समोरच्याने घाई केली की करायचे तसा.

"एकेक," ते म्हणाले. "आधी तू."