वहीत नसलेली शेकोटी

मित्रांनो, मी शिवणीच्या लाकडाचा ढोल, वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. भामरागडकडच्या एका जंगलगावात लालसू आजाच्या वडिलांनी मला कोरलं. एका तोंडाला बकऱ्याचं चामडं, दुसऱ्याला बैलाचं. लग्न असो की सण, माझ्याशिवाय गावात पाऊल उचललं जात नसे. वडिलांमागून लालसू मला वाजवू लागला. "लालसूचा ढोल नदीपल्याड आयकू येते," असं लोक म्हणत. खोटं कशाला सांगू, ते ऐकून मी फुगायचो.

लालसूची नात रीना माझ्याच ठेक्यावर पावलं टाकायला शिकली. मोठी झाल्यावर तिने आठ मुलींचा संच बांधला. पाहुण्यांच्या स्वागताला दहा मिनिटं नाचायचं आणि मग जेवणाच्या डब्यासाठी दिवसभर ताटकळायचं, याचा तिला वीट आला होता. तिला चंद्रपुरात स्वतःचा, तिकीट लावलेला, दीड तासाचा कार्यक्रम करायचा होता. उन्हाळ्यात तोडलेल्या तेंदूपानांची सगळी मजुरी मुलींनी त्यात घातली. रीनाने वहीत एकेक लिहून काढलं: सभागृह, गाडी, दिवे, साड्या, जेवण.

"आजा, काई सुटलं का?" तिने विचारलं.

लालसूने बराच वेळ डोकं खाजवलं. "नाई, सप्पा आलं."

सुटली होती शेकोटी. पावसाळ्यात माझं चामडं ओल धरतं, सैल पडतं. वाजवण्याआधी मला आगीजवळ शेकावंच लागतं. पण आमच्या गावात नाच म्हटला की शेकोटी पेटलेलीच असते. तिला वहीत कोण धरणार?

कार्यक्रम ऑगस्टात होता. गाडीच्या टपावर, फाटक्या ताडपत्रीखाली दिवसभर भिजत मी चंद्रपूरला पोहोचलो. सभागृहात एसी गारेगार. लालसूने टिपरी मारली, तर माझ्यातून नुसतं थप्प निघालं. त्याने खिशातून आगपेटी काढली, तेवढ्यात तिथला व्यवस्थापक धावत आला.

"आजोबा, इथे आग चालणार नाही."

बाहेर पाऊस कोसळत होता. लालसूने मला सदऱ्याने पुसलं, पोटाशी धरलं, तळहाताने घासघास घासलं. माझ्या अंगात काही येईना.

लोक खुर्च्यांवर येऊन बसले होते. रीनाच्या मोबाईलमध्ये तालमीचं रेकॉर्डिंग होतं. ती लालसूजवळ उकिडवी बसली.

"आजा, मोबाईल लावून देऊ का? तू नुसता हात हालवजो."

लालसूने माझी दोरी गळ्यात अडकवली. मग म्हणाला, "लाव. पोरींचे पैसे लागले हायेत."

दीड तास माझाच आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून येत राहिला आणि लालसूची टिपरी माझ्यापासून चार बोटं वर थांबत राहिली. मला दुःख झालं का? सांगता येत नाही. ओलं चामडं बधिर असतं.

मुली मात्र सुरेख नाचल्या. टाळ्या पडल्या, खर्च निघाला, वर कोरपना गावाहून कार्यक्रमाचं बोलावणंही आलं. मोबाईलला गाडीत जागा लागत नाही. तेव्हापासून लालसू आणि मी घरीच असतो.

कोरपन्याला निघायच्या आदल्या दिवशी रीना लालसूचा वाटा घेऊन आली. सगळ्यांइतकाच होता.

"कायचे पैसे, पोरी?"

"चंद्रपूरचे, आजा."

"मी तं वाजवलोच नाई."

तो रागाने बोलला नव्हता. त्याने पाकीट तिच्या हातात परत ठेवलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

मित्रांनो, रीना वाईट नाही. तुम्हीही उद्या असंच काही हौसेने उभं कराल. तेव्हा यादी करताना आमच्यासारख्या जुन्यांना काय लागतं, तेही विचारा. आम्हाला कपाटात जपू नका, हाताळा, शिका. लालसू आता ऐंशीचा आहे. त्याचा ठेका गावात दुसऱ्या कुणाला येत नाही, मोबाईल सोडून.